काकूंच्या नायिकांचं आजारपण

काकूंच्या कादंबरीत नायिकेला ताप यायचाच. गोष्ट कुठेही पोचलेली असो, कोर्टात घटस्फोटाची तारीख लागलेली असो की घरात लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असो, निम्मं पुस्तक ओलांडलं की कुणीतरी नायिकेच्या कपाळावर हात ठेवायचं आणि म्हणायचं, अगो, अंग केवढं तापलंय तुझं. मग ती अंथरुणावर. तोपर्यंत वाईट वागलेला नवरा गॅसशी उभा राहून पेज करायचा आणि ती खाली लागायची. नायिका कुशीवर वळायची, उशाशी हात घालायची आणि तिथलं पुस्तक उघडायची. ते पुस्तक मात्र खरं असायचं. म्हणजे आमच्यासारख्याच कुणी बाईने लिहिलेलं, छापलेलं, नावानिशी. नायिका त्यातली चार वाक्यं वाचायची, डोळे पुसायची किंवा हसायची, आणि ताप उतरला की कामाला लागायची.

ही काकूंनी आपल्या मैत्रिणींसाठी काढलेली जाहिरात होती आणि ती लपवायची त्यांना अजिबात गरज वाटत नसे. उलट, नवीन पुस्तक हातात आलं की त्या आधी ते तळहातावर तोलायच्या आणि निदान करायच्या. खेडच्या एका मैत्रिणीचा कवितासंग्रह बारीक होता, त्याला त्यांनी सर्दीवर भागवलं. मिरकरवाड्यात राहणाऱ्या आमच्या एका शिक्षिका मैत्रिणीने बंदरावरच्या बायकांवर कादंबरी लिहिली, तिला थंडीताप मिळाला. माझं बाड पाहून त्या म्हणाल्या, "तुझ्या कादंबरीला साधा ताप नाही हो पुरायचा. टायफॉइडच लागेल."

आता काकू नाहीत. त्यांच्याबद्दल लिही, असं मला पुष्कळ जणी सांगतात, आणि मी लिहायला बसले की मला पहिल्यांदा तापच आठवतो. त्याला माझा इलाज नाही.

काकू रत्नागिरीतच जन्मल्या, रत्नागिरीतच दिल्या गेल्या, आणि त्यांच्या सगळ्या नायिकाही इथेच कुठेतरी नांदल्या. दिवाळी अंकांत, मासिकांत आणि पुस्तकांत त्या सतत छापून येत राहिल्या. सभासमारंभात कुणी त्यांच्या लेखनाला बायकांच्या कादंबऱ्या म्हटलं की बाकीच्या आम्ही चिडायचो. काकू शांतपणे म्हणायच्या, बायकांच्याच आहेत, पुरुषांनी चोरून वाचल्या तर माझी हरकत नाही. अंगाने काटकुळ्या, आवाज खणखणीत, पायात कायम रबरी चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत स्वतःचं पुस्तक कधी नसे. असत ती दुसऱ्यांची.

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणातून. मी शहरातल्या एका वाचनालयात काउंटरवर बसते. एकदा कपाटं आवरताना मला दिसलं, की त्यांच्या कादंबऱ्या कुणीतरी पाठ आत आणि पानं बाहेर करून उलट्या लावल्यात. मी सरळ केल्या. आठवड्याने पाहते तर परत उलट्या. म्हटलं कुणीतरी या बाईंच्या वाईटावर आहे. पाळत ठेवली, तर उलट्या करणाऱ्या खुद्द काकूच निघाल्या. मी चांगली फैलावर घेतली त्यांना. त्या म्हणाल्या, "माझ्या बायका मला कपाटाच्या मागे लपले तरी शोधून काढतात. या नवीन पोरींना कोण शोधणार? तू शोधणार?" आणि त्यांनी माझ्यादेखत एका नवख्या लेखिकेचं पुस्तक काढून काउंटरवर, माझ्या शिक्क्याच्या शेजारी, आडवं ठेवलं. ते तिथून हलवायचं नाही अशी ताकीदही दिली. मी पगारी माणूस, त्या नुसत्या सभासद, तरी ते पुस्तक तिथेच राहिलं.

आगगाडीने खेडला जायचं झालं तर काकू मैत्रिणीचं पुस्तक दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरायच्या, मुखपृष्ठ समोरच्या बाकाला नीट दिसेल असं, आणि मधूनमधून मोठ्याने हसायच्या. हसण्याच्या नादात पान उलटायचं राहून जायचं. एकदा समोरच्या बाईने न राहवून विचारलं, एवढं काय हो गमतीचं आहे त्यात? काकूंना सांगता येईना, कारण ती कादंबरी एका सुनेच्या खुनावर होती. त्या बाईने पुढच्या स्टेशनला जागा बदलली. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. जाताना नाव वाचून गेली ना, मग झालं तर, असं त्यांचं म्हणणं.

पुस्तक प्रकाशनाला त्या पहिल्या रांगेत असायच्या. भाषणं झाली की सूत्रसंचालक विचारतात ना, कुणाला काही प्रश्न आहेत का, आणि मग सभागृहात अशी काही शांतता पसरते की लेखिकेला धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं. ती शांतता काकू पसरूच द्यायच्या नाहीत. ताडकन उठायच्या आणि विचारायच्या, तुमची नायिका एकटी असली की स्वतःसाठी काय करून खाते? सगळ्यांना हाच प्रश्न. लेखिका आधी गडबडायची, मग हसायची, मग बोलायला लागायची, आणि तिच्या जिवातली भीती जायची. एका मोठ्या विद्वान कवींनाही त्यांनी हेच विचारलं होतं. त्यांच्या संग्रहात नायिकाच नव्हती, पण त्यांनी पोह्यांवर बराच वेळ उत्तर दिलं.

नवीन लिहिणारीचे लाड मात्र त्यांनी कधी केले नाहीत. कुणी लाजत म्हणालं, मी आपली वेळ मिळाला की लिहिते, की काकूंचा पारा चढायचा. पोरांचा डबा वेळ मिळाला की करतेस का, असं त्या फाडकन विचारायच्या. मग स्वतःच वरमायच्या, तिला आत बोलावून चहा द्यायच्या आणि तिच्या गोष्टीतल्या माणसांची चौकशी करायच्या. ती चौकशी पुढे कायम चालू राहायची. बाजारात भेटल्या तरी माझ्या नवऱ्यामुलांच्या आधी माझ्या नायिकेचं विचारायच्या. तिने नोकरी सोडली का गो? नको हो सोडू देऊस. माझ्या शेजारी उभी असलेली माझी सासू गोंधळून जायची.

पण लिहिलेलं बरं की वाईट, हे ठरवायची काकूंची खरी जागा म्हणजे त्यांच्या मागल्या पडवीतले गरे. त्यांच्या आणि त्यांच्या थोरल्या जावेच्या घराच्या मधे एक कापा फणस आहे. भावाभावांची घरं वेगळी झाली तेव्हा आंब्याची कलमं वाटली गेली, भांडी वाटली गेली, पण फणस बरोबर मधल्या गडग्यावर, दगडी कुंपणावरच उभा, त्याचं काय करणार? तो एकत्र राहिला. उन्हाळ्यात तळलेल्या गऱ्यांचा घाट दोन्ही घरांचा मिळून व्हायचा आणि आळीतल्या चारसहा बायका मदतीला यायच्या. फणस फोडायचा, गरे काढायचे, आठळ्या बाजूला करायच्या आणि गरे उभे चिरून ठेवायचे. सगळ्यांच्या हाताला चीक. चिकट हातांनी कुणाला मोबाइल धरता येत नाही, उठून जाता येत नाही. काकूंनी हे हेरलं होतं. त्या दुपारी तिथे आमच्यापैकी कुणाच्या तरी कादंबरीचं हस्तलिखित वाचलं जायचं.

त्याचे नियम होते. लिहिणारीने स्वतःचं वाचायचं नाही, दुसरीने वाचायचं. लिहिणारीचं नाव सांगायचं नाही. ती त्याच बायकांत विळी घेऊन बसायची आणि तोंडावरची माशी हलू द्यायची नाही. वाचून झाल्यावर कसं वाटलं, हे कुणालाही विचारायचं नाही. तोंडदेखलं छानच म्हणतात गो सगळ्या, तू हात बघ, असं काकू सांगायच्या. वाचता वाचता बायकांचे हात थांबले, गरा हातात तसाच राहिला, तर ते पान पास. हात चालू राहिले तर ते पान पुन्हा लिहायचं. बाकी समीक्षा काही नाही.

या परीक्षेत एकाच बाईचे हात हिशेबात धरायचे नाहीत असं ठरलेलं होतं. त्या म्हणजे काकूंच्या थोरल्या जाऊबाई. काकू त्यांना वहिनी म्हणायच्या, म्हणून आम्हीही सगळ्या वहिनीच म्हणत असू. वहिनींचे हात कधी म्हणता कधी थांबायचे नाहीत. भिंतीशी, आमच्याकडे अर्धी पाठ करून त्या बसायच्या आणि कुणी कितीही हृदयद्रावक वाचो, त्यांची विळी आपली चालू. दोघी जावांचं एकमेकींशी उभं आयुष्य धुसफुशीत गेलेलं. काकू लिहायला बसल्या की वहिनी गडग्यापलीकडून ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, बरं आहे बाई एकेकीचं, खुर्चीत बसून संसार होतात. आणि कुणी विचारलं, काय वहिनी, जाऊबाईंची नवीन कादंबरी वाचलीत का, की उत्तर ठरलेलं. मला कुठला वेळ असलं वाचायला?

माझ्या पहिल्या कादंबरीची परीक्षा तिथेच झाली. मिरकरवाड्याच्या मैत्रिणीने वाचलं, मी बसले होते विळीवर. पहिल्या दुपारी हात चालूच. घरी जाऊन मी रडले आणि ती पानं बदलली. दुसऱ्या खेपेला नायिकेच्या आईचा प्रसंग आला आणि शेजारच्या बाईची सुरी हवेतच राहिली. मग आणखी एकीची. मी बघतच बसले. तेवढ्यात काकू सगळ्यांसमोर कडाडल्या, "तुझे कशाला थांबले? तूच लिहिलंयस ना? चीर!" झालं. गुपित फुटलं आणि सगळ्या हसल्या, वहिनी सोडून.

मग टायफॉइडचं प्रकरण घडलं. माझी कादंबरी एका प्रकाशकांनी घेतली होती. काकूंनी लगेच नाव विचारून घेतलं आणि आपल्या चालू कादंबरीत नायिकेला टायफॉइड करून तिच्या उशाशी माझं पुस्तक ठेवलंसुद्धा. गंमत अशी, की त्यांचं पुस्तक छापून बाजारात आलं आणि माझं अजून प्रकाशकांच्या टेबलावर. बायका वाचनालयात येऊन मलाच विचारायला लागल्या, ते टायफॉइडमधलं पुस्तक द्या. मी म्हणायची, बाहेर गेलंय. दुसऱ्यांदा आल्या की म्हणायची, अजून आलं नाही परत. एक बाई भडकली. तुम्ही लोक चांगली पुस्तकं आपापसात फिरवता, म्हणाली. आता माझंच न छापलेलं पुस्तक मी लपवून ठेवते, हे तिला कसं समजावणार? मी काकूंकडे जाऊन डोक्याला हात लावला. त्यांना पश्चात्ताप वगैरे काही नाही. त्यांनी फोन उचलला आणि प्रकाशकांना वेगवेगळ्या आवाजांत वाचक म्हणून विचारणा केली. एक आवाज खेडचा, एक मुंबईला राहणाऱ्या सुनेचा, एक रिटायर्ड मुख्याध्यापिकेचा. मुख्याध्यापिका फारच रागावल्या होत्या. पुस्तक लवकरच आलं. ते माझं की काकूंचं, मला अजून नीट सांगता येत नाही.

काका गेले आणि काकूंचं लिहिणं थांबलं. काका म्हणजे शांत गृहस्थ, काकूंची पाकिटं स्कूटरवरून पोस्टात नेऊन टाकणारे. त्यांनी बायकोची एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचली नाही, पण चहा मात्र न विचारता टेबलावर आणून ठेवायचे. ते गेल्यावर काकू आमची बाडं वाचायच्या, प्रकाशनांना जायच्या, प्रश्न विचारायच्या. स्वतःचं काय, म्हटलं की विषय बदलायच्या. पुष्कळ दिवसांनी एका दुपारी त्या वाचनालयात आल्या आणि एक जाड पाकीट माझ्यापुढे ठेवलं. नवीन कादंबरी लिहून झाली होती. नायिका साठीतली, नवरा नुकताच गेलेला, आणि घर चालवते आहे.

तोंड मात्र उतरलेलं होतं. त्यांच्या जुन्या प्रकाशकांकडे आता एक तरुण संपादक आला होता. त्याने हस्तलिखित परत पाठवलं होतं, अगदी गोड बोलून. त्याचं म्हणणं, ते आजारपण जुनं झालं, त्यात गोष्ट अडते, ते काढून टाका, मग बघू. काकूंनी काढून टाकलं. आता हे छापायला द्यावं की देऊ नये, त्यांचं त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं बरंवाईट हातांवरून सांगणारी ही बाई, आणि माझ्या काउंटरशी उभी राहून तिचा स्वतःचा हात पाकिटावरून निघत नव्हता. मला गलबलून आलं.

त्या म्हणाल्या, "गऱ्यांना तूच वाच. नाव सांगू नकोस. ताप काढलाय, त्यामुळे ओळखणार नाहीत. हात थांबले तर पाठवीन. नाही थांबले तर बंबात घालीन आणि लिहिणं बंद करीन. उगाच बायकांना पिडायचं कशाला?"

बंबात घालीन हे त्या थट्टेत म्हणत नव्हत्या. त्यांच्याकडे अजूनही आंघोळीचं पाणी बंबावर तापायचं आणि नापसंत पानं त्यांनी याआधीही तशी घातली होती.

त्या आठवड्यात रोज दुपारी मी वाचलं. काकू माझ्यासमोरच, विळीवर खाली मान घालून. कादंबरी वाईट नव्हती, हे मी कुणालाही सांगीन. नायिका पहाटे उठते, कलमांवर माणसं लावते, नवऱ्याच्या तेराव्याला आलेल्यांचं जेवण बघते, मुलगा मुंबईहून येतो त्याचं आवडीचं करते, तो परत जातो, ती परत उठते. वाक्यं काकूंची, नेटकी. पण मी पानावरून डोळे उचलून बघायची. हात चालू. कुणी पाणी मागतंय, कुणी आठळ्यांची टोपली सरकवतंय. मी आवाज चढवून पाहिला, मधे थांबून पाहिलं. काकूंनी एकदाच वर बघितलं आणि मान हलवली, म्हणजे लबाडी करू नको. शेवटच्या दुपारी शेवटचं पान संपलं तेव्हा परातीत गऱ्यांचा ढीग झाला होता. एवढं काम त्या पडवीत आजवर कधीच उरकलं नव्हतं.

काकूंनी हाताला खोबरेल चोळून चीक काढला, उठल्या आणि माझ्या मांडीवरची पानं घ्यायला वाकल्या. मी ती धरून ठेवली. माझ्याच्याने सोडवेना.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "कोण म्हणायची ही लिहिणारी?"

वहिनींनी एवढ्या वर्षांत वाचलेल्याबद्दल काही विचारलेलं आम्हाला आठवत नव्हतं. मी म्हटलं, नाव सांगायचं नसतं, वहिनी.

"नको सांगूस. पण दुष्ट आहे मेली," वहिनी म्हणाल्या. विळी चालूच होती. "पहिल्या पानापासून त्या बाईला उठवतेय नि राबवतेय. नवरा गेला, तरी तेराव्याचे वडे हिनेच तळले. एक दिवस निजू देत नाही तिला. आमच्या हिच्या कादंबरीत कसं, काही म्हण, बाई एकदा तरी आजारी पडते. चार दिवस निजते. कुणीतरी पेज आणून देतं हातात. पुस्तक वाचत पडते, आणि तिला कोणी काही बोलत नाही. मी तेवढ्यासाठी तर वाचते."

पडवीतले सगळे हात थांबले.

काकू वाकल्या होत्या त्या तशाच राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही वाचता माझं?"

सुनेच्या कार्डावर मागवते, वहिनींनी सांगितलं, त्यात काय एवढं. मला एकदम त्यांची सून आठवली. दर नवीन कादंबरीला वाचनालयात येणारी, आणि पुस्तकाबद्दल काही विचारलं तर बावरून जाणारी. वहिनी पुढे बोलतच राहिल्या, आमच्याकडे न बघता. म्हणाल्या, मी या घरात आले तेव्हापासून मला कधी ताप आलाच नाही असं नाही. आला. पण निजले का कधी? बाकी सगळं मी भराभर वाचते, आजारपणाची पानं तेवढी पुन्हा पुन्हा वाचते. तिचा ताप उतरला की मला वाईटच वाटतं.

आम्ही आजवर त्या तापाला जाहिरात म्हणत होतो. काकूही म्हणत होत्या. आम्ही लिहिणाऱ्या सगळ्या बघायचो ते उशाशी कुणाचं पुस्तक आहे तेवढंच. बायका काय बघत होत्या, ते त्या दिवशी आम्हाला समजलं.

काकू खाली बसल्या. त्यांचा खणखणीत आवाज अगदी बारीक झाला होता. "हिचा नवरा गेलाय हो, वहिनी. घरात दुसरं कोणी नाही. आजारी पडली तरी पेज कोण आणून देणार तिला?"

त्या हे कादंबरीबद्दल बोलत नव्हत्या, एवढं तिथल्या प्रत्येकीला कळलं. ती लिहिणारी कोण, तेही कळलं. वहिनींनाही कळलं असणार. त्यांनी विळीचं पातं पुसलं, मिटलं आणि पहिल्यांदा वळून जावेकडे नीट पाहिलं.

"जाऊ नाही का तिला?" वहिनी म्हणाल्या. "नसली तर घाल एक. भांडकुदळ घाल हवी तर."

काकूंनी त्याच आठवड्यात आजारपणाचं प्रकरण नव्याने लिहिलं. तोवर फणस संपले होते, त्यामुळे ते पडवीत वाचलंच गेलं नाही. परीक्षा न देता गेलेलं काकूंचं तेवढं एकच प्रकरण. तरुण संपादकाला त्यांनी फोनवर सांगितलं, की गोष्ट अडते तर अडू दे, ती बाई दमली आहे. तो हो म्हणाला. तो का हो म्हणाला कोण जाणे, बहुतेक त्याला मुख्याध्यापिकेचा आवाज ऐकू आला असावा. इकडे आमच्यात चुळबुळ सुरू झाली, यावेळी उशाशी कुणाचं पुस्तक? खेडच्या मैत्रिणीचं नवीन आलं होतं, माझंही आलं होतं. पुस्तक हातात पडल्यावर सगळ्यांनी आधी तेच पान उघडलं. उशाशी पुस्तक होतं, पण नायिकेने ते उघडलंच नव्हतं. जावेने आणलेली पेज ती प्यायली आणि तिला झोप लागली. खेडच्या मैत्रिणीने काकूंना विचारलंसुद्धा, निदान नाव तरी वाचायचं होतं तिने. काकू म्हणाल्या, झोपू दे गो तिला, तुझं पुस्तक मी गाडीत वाचीन.

ते मात्र राहिलं. थंडी संपता संपता काकू आजारी पडल्या, खऱ्याच. डॉक्टरांनी हॉस्पिटलातून घरी सोडलं ते आता तिथे करण्यासारखं काही नाही म्हणून, आणि हे काकूंनाही ठाऊक होतं. मी भेटायला गेले तेव्हा पिशवीत सगळ्या मैत्रिणींची नवी पुस्तकं घेऊन गेले. दुसरं काय न्यायचं ते मला सुचेना.

खोलीत वहिनी होत्या. त्यांनी मला खुणेनेच सांगितलं, पिशवी तिथे ठेव, तिला आत्ता काही वाचून दाखवायचं नाही. स्टुलावर पेजेचं भांडं ताटलीने झाकलेलं होतं. पलंगाशी खुर्ची ओढून वहिनी बसल्या होत्या, मांडीवर परात, परातीत मोड आलेले वाल. डाळिंब्या सोलायला घेतल्या असाव्यात. चष्मा नाकावर, आणि पलंगाच्या कडेला उशी लावून तिच्यावर काकूंची ती शेवटची कादंबरी उघडी ठेवलेली. यावेळी सुनेच्या कार्डावरची नव्हती, काकूंनी स्वतःच्या हाताने दिलेली होती.

मी भिंतीशी बसले. काकूंना डोळा लागलाय असं मला वाटलं, पण नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नजरेने मला वहिनींची परात दाखवली. वहिनींच्या चिमटीत एक वाल होता, साल अर्धी निघालेली. तो तसाच होता. मी किती तरी वेळ बघत राहिले, तरी तो तसाच होता. पानावरून त्यांचे डोळे तेवढे हलत होते.

माझे डोळे भरून आले. काकू हसल्या, आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ काढून पुटपुटल्या, "वहिनी, तुमचे हात..."

वहिनींनी मान वर केली नाही.

"गप नीज गो," त्या म्हणाल्या. "तिला आत्ता कुठे ताप चढलाय."